पदवी निवडताना पाटी वाचू नका

बारावीचा निकाल लागला की नागपूरच्या सदरमध्ये रेसिडेन्सी रोडवर पालकांच्या हातात माहितीपत्रकांची चळत दिसू लागते. पंधरा-वीस वर्षांपूर्वी ही पत्रके अभियांत्रिकीची असत. आता त्यांत वित्तक्षेत्राची भर पडली आहे: इन्व्हेस्टमेंट बँकिंगमधले बीबीए, फायनान्शियल मार्केट्समधले बी.कॉम., कॅपिटल मार्केटचा सहा महिन्यांचा डिप्लोमा. मी वाणिज्य शाखेच्या मुलांना हिशेबशास्त्र शिकवतो, त्यामुळे हा प्रश्न दरवर्षी माझ्याकडेही येतो. "सर, पोरगी अभ्यास तर मन लावून करून राहिली. इन्व्हेस्टमेंट बँकिंगमध्येच जायचं म्हणते. घालायचं कोणत्या डिग्रीला?"

माझे उत्तर ठरलेले आहे, आणि ते बहुतेकांना आवडत नाही. ज्या पदवीच्या पाटीवर धंद्याचे नाव लिहिले आहे ती पदवी घेऊ नका. कठीण, जुना, स्वतःच्या पायावर उभा असलेला विषय घ्या: गणित, संख्याशास्त्र, अर्थशास्त्र, कायदा, अभियांत्रिकी, किंवा नीट शिकवले जाणारे साधे वाणिज्य. बँकेत नोकरी लागली तरी तो विषय कामाचा, आणि न लागली तरी आयुष्य वाया न घालवणारा. हे का म्हणतो ते सविस्तर सांगायला हवे, कारण घरोघरी यावर लाखो रुपये आणि मुलांची ऐन उमेदीची वर्षे लागतात.

आधी काम काय असते ते पाहू. नागपूरकरांना उदाहरणासाठी दूर जायची गरज नाही. हल्दीराम हे नाव आपल्याकडे संत्रा बर्फीपासून आलूभुजियापर्यंत सगळ्यांच्या तोंडी आहे. या घराण्याचा नागपूरचा धंदा वेगळा आणि दिल्लीचा वेगळा होता. काही वर्षांपूर्वी दोन्ही घरांनी ठरवले की पाकीटबंद खाद्यपदार्थांचा धंदा बाजूला काढून एका नव्या कंपनीत एकत्र करायचा. भारतीय स्पर्धा आयोगाने २०२३ मध्ये त्याला संमती दिली. नव्या कंपनीत दिल्लीकरांचा वाटा ५६ टक्के आणि नागपूरकरांचा ४४ टक्के ठरला. मग २०२५ मध्ये सिंगापूरच्या टेमासेकने सुमारे दहा टक्के हिस्सा घेतला. त्या व्यवहारात कंपनीची किंमत दहा अब्ज डॉलरच्या आसपास धरली गेली, म्हणजे आपल्या हिशेबाने पंच्याऐंशी हजार कोटी रुपयांच्या घरात.

आता ५६ आणि ४४ या दोन आकड्यांपाशी जरा थांबा. ५५ आणि ४५ का नाही? पाकिटाचा धंदा वेगळा काढायचा म्हणजे कोणता कारखाना इकडे, कोणती जमीन तिकडे? ब्रँडच्या नावाचा हक्क कोणाकडे? कर किती बसेल? उद्या पामतेल महागले तर नफ्यावर काय परिणाम होईल? वितरकाकडे किती दिवसांची उधारी अडकलेली असते? अशा व्यवहारात या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर कुणीतरी आकड्यांत मांडलेले असते, कागदावर लिहिलेले असते आणि समोरच्या पक्षाच्या सल्लागारांपुढे बसून पटवून दिलेले असते. इन्व्हेस्टमेंट बँकरचे काम ते हेच. कंपनीला भांडवल उभे करून देणे, कंपन्यांचे विलीनीकरण किंवा खरेदी-विक्री घडवून आणणे, पहिली समभाग विक्री बाजारात आणणे. आपल्याकडच्या कायद्याच्या भाषेत हे काम करणाऱ्याला मर्चंट बँकर म्हणतात आणि त्यासाठी सेबीकडे, म्हणजे शेअर बाजाराच्या नियामकाकडे, नोंदणी लागते.

या कामात चार गोष्टी एका माणसात लागतात: हिशेब वाचता येणे, कायद्याचा कागद समजणे, स्वच्छ लिहिता येणे आणि समोरचा धंदा खरोखर कसा चालतो याचे कुतूहल असणे. यांतली एकही गोष्ट पदवीच्या नावात धंदा घातल्याने येत नाही.

माहितीपत्रकांबद्दल आणखी एक गोष्ट पालकांना स्पष्ट सांगितलीच पाहिजे. पुणे, मुंबई, बंगळुरू, हैदराबाद इथे परदेशी बँकांची मोठी कार्यालये आहेत. तिथे रोज झालेल्या व्यवहारांची नोंद जुळवणे, पैसे आणि रोखे वेळेवर एकमेकांच्या खात्यात पोचले की नाही हे पाहणे, ग्राहकांची कागदपत्रे तपासणे अशी कामे हजारो तरुण करतात. ही कामे प्रामाणिक आहेत, गरजेची आहेत, आणि एका मध्यमवर्गीय घराला स्थिर पगार देणारी आहेत. बँकेच्या भाषेत त्यांना ऑपरेशन्स म्हणतात. पण अनेक अल्पमुदतीचे अभ्यासक्रम "इन्व्हेस्टमेंट बँकिंग" या नावाने विकले जातात आणि नेऊन सोडतात ते या कामांवर. नोकरी वाईट नसते. फसवणूक अपेक्षेची होते. मुलगी समजते की ती हल्दीरामसारख्या व्यवहाराच्या टेबलावर बसणार आहे, आणि तीन वर्षांनी तिला कळते की त्या टेबलाकडे जाणारा जिना या इमारतीत नाहीच. ऑपरेशन्समधून व्यवहारांच्या बाजूला गेलेली माणसे आहेत, पण ती थोडी, आणि ती स्वतःच्या हिमतीवर गेलेली. म्हणून कामाचे खरे नाव प्रवेशाच्या वेळी सांगितले गेले पाहिजे, नेमणूकपत्र हातात पडल्यावर नव्हे.

कठीण विषयाचा आग्रह का, ते एका छोट्या हिशेबातून दाखवतो. समजा, यवतमाळकडची एक जिनिंग मिल आहे. वर्षाचा नफा दोन कोटी दाखवला आहे. पण त्याच वर्षात गिऱ्हाइकांकडची येणी तीन कोटींनी वाढली आहेत आणि बाकी सारे जिथल्या तिथे आहे. म्हणजे नफा दोन कोटींचा असूनही गल्ल्यातून एक कोटी कमी झाले. विद्यार्थ्यासमोर मी हे दोन कागद ठेवतो, नफातोट्याचा आणि ताळेबंदाचा, आणि एवढेच विचारतो: पैसा कुठे गेला? ज्याने फक्त मूल्यांकनाची सूत्रे पाठ केली आहेत तो लगेच पुढच्या पाच वर्षांचे अंदाज मांडू लागतो. ज्याला विषय कळला आहे तो आधी येणी कोणाकडे आहेत ते विचारतो. उधारीवर माल घेणारा व्यापारी मालकाचाच मेहुणा निघाला तर? सरकी आणि रुईचे भाव पडत असताना विक्री वाढली कशी? धंद्याची खरी किंमत या प्रश्नांत दडलेली असते. संगणकावर कोष्टक मांडायला सहा आठवड्यांत शिकता येते. असा संशय घ्यायला शिकायला तीन-चार वर्षे एका गंभीर विषयाची मेहनत लागते, मग तो विषय संख्याशास्त्र असो की कायदा.

आता इतिहासाकडे बघू. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख १९१२ च्या मॅट्रिकला मुंबई विद्यापीठात पहिले आले आणि संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्यांना मिळाली. केंब्रिजला जाऊन ते शिकले ते निसर्गविज्ञान, त्यातही वनस्पतिशास्त्र. पुढे आयसीएस होऊन त्यांची नेमणूक आपल्या मध्यप्रांत-वऱ्हाडात झाली, आणि नागपूरच्या सचिवालयात त्यांनी वित्त खात्याचे काम पाहिले. पैशाच्या कारभाराची त्यांची तालीम इथली. १९४३ मध्ये ते गव्हर्नर झाले, १९४४ मध्ये ब्रेटन वुड्सच्या परिषदेला गेले, आणि नंतर देशाचे अर्थमंत्री झाले. त्यांच्याच काळात, १९५५ मध्ये, इम्पीरियल बँकेची स्टेट बँक झाली आणि उद्योगांना दीर्घ मुदतीचे भांडवल देण्यासाठी आयसीआयसीआय उभी राहिली.

दुसरे उदाहरण थेट या धंद्यातले, आणि जन्माने नागपूरचे. विक्रम पंडित. योगायोग असा की दोघांचीही जन्मतारीख १४ जानेवारी. देशमुखांचे साल १८९६, पंडितांचे १९५७. पंडितांचे शालेय शिक्षण मुंबईत दादरला झाले, सोळाव्या वर्षी ते अमेरिकेला गेले आणि कोलंबिया विद्यापीठातून १९७६ मध्ये विद्युत अभियांत्रिकीचे पदवीधर झाले. १९८३ मध्ये मॉर्गन स्टॅन्ली या इन्व्हेस्टमेंट बँकेत शिरले. फायनान्समधली पीएच.डी. त्यांना १९८६ मध्ये मिळाली. डिसेंबर २००७ मध्ये ते सिटीग्रुपचे प्रमुख झाले, म्हणजे बरोबर जागतिक आर्थिक संकटाच्या तोंडावर. पुढच्या वर्षी अमेरिकी सरकारला त्या बँकेत ४५ अब्ज डॉलर घालावे लागले. पंडित २०१२ पर्यंत त्या पदावर होते.

एकाचा पाया वनस्पतिशास्त्राचा, दुसऱ्याचा विद्युत अभियांत्रिकीचा. आपल्या शहरात एम्प्रेस मिल उभी राहिली तेव्हाही हेच घडले. १८७४ मध्ये जमशेटजी टाटांनी पंधरा लाखांच्या भांडवलावर कंपनी काढली आणि १ जानेवारी १८७७ ला मिल सुरू केली. कारभार सोपवला बेझनजी मेहतांकडे, जे रेल्वेच्या नोकरीतून आले होते. गिरणीचे तंत्र त्यांना शिकावे लागले, माणसे आणि माल हलवण्याचे डोके मात्र आधीच तयार होते. त्या वेळी भांडवल मागायला गेल्यावर एका स्थानिक सावकाराने नकार दिला आणि नंतर त्याला पस्तावा झाला, ही कथा टाटांच्या चरित्रांत येते. नागपूरला भांडवल उभारणीचा प्रश्न नवा नाही, एवढे तरी त्यातून कळते.

पण ही उदाहरणे सांगून मी थांबलो तर वाचकाची दिशाभूल होईल. "देशमुख वनस्पतिशास्त्र शिकले, म्हणून काहीही शिका, चालेल" असा अर्थ कुणी काढील तर तो चूक आहे. देशमुखांच्या मागे केंब्रिज आणि आयसीएस होती, पंडितांच्या मागे कोलंबिया. दार उघडले ते संस्थेच्या नावाने. विषयाचे बळ कामी आले ते आत गेल्यावर. आजही तेच आहे, आणि हे मला सलते. लंडनच्या बँका इतिहास किंवा भाषा शिकलेली मुले आनंदाने घेतात, पण ती मोजक्या विद्यापीठांतली. आपल्याकडे मोठ्या बँका अहमदाबाद, बंगळुरू, कोलकात्याच्या आयआयएममध्ये आधी जातात, दिल्लीतल्या दोन-चार कॉलेजांत जातात, गणिती कामासाठी आयआयटीत जातात. नागपूर विद्यापीठ १९२३ चे, हिस्लॉप कॉलेज १८८३ चे. या संस्थांनी न्यायाधीश दिले, मंत्री दिले, शास्त्रज्ञ दिले. तरी या बँकांचे भरतीवाले इथे सहसा येत नाहीत. सदरची मुलगी दिल्लीच्या मुलीपेक्षा कमी हुशार असते असे मानायला काहीही आधार नाही. तिच्या पत्त्यामुळे तिचा अर्ज मागे पडतो, आणि हा अन्याय आहे.

मग करायचे काय? बारावीनंतर घर सोडून दिल्लीला किंवा परदेशात पाठवायची ऐपत असेल आणि नामांकित ठिकाणी प्रवेश मिळत असेल तर जरूर पाठवावे. तिथे विषय दुय्यम आहे. पण मध्यम नावाच्या खासगी विद्यापीठात "इन्व्हेस्टमेंट बँकिंग"च्या पाटीसाठी कर्ज काढून पंधरा-वीस लाख घालणे हा सगळ्यांत वाईट सौदा. त्यात ना संस्थेचे वजन मिळते, ना विषयाची खोली. तेवढे पैसे राखून ठेवले तर पुढे व्यवस्थापनाच्या पदव्युत्तर शिक्षणाला उपयोगी पडतील, कारण आयआयएमची दोन वर्षांची फी आज जुन्या संस्थांत वीस लाखांच्या पुढे आहे.

नागपुरात राहून शिकणाऱ्यासाठी एक दार मात्र पत्ता विचारत नाही. ते सीएचे. संसदेच्या १९४९ च्या कायद्याने स्थापन झालेल्या संस्थेची परीक्षा साऱ्या देशात एकच असते. पेपर तपासणाऱ्याला तुम्ही गोंडवाना चौकातून आलात की दक्षिण मुंबईतून, हे कळत नाही. संस्थेची नोंदणी आणि परीक्षा शुल्के मिळूनही बहुधा एखाद्या खासगी विद्यापीठाच्या एका वर्षाच्या फीपेक्षा कमी भरतात. आणि आर्टिकलशिप, म्हणजे सीएच्या हाताखालची उमेदवारी! नव्या योजनेत ती दोन वर्षांची आहे. या दोन वर्षांत नागपूरच्या एखाद्या मध्यम फर्ममध्ये बसलेला मुलगा भंडाऱ्याची राइस मिल पाहतो, कोळसा वाहतूकदाराची बिले पाहतो, सहकारी पतसंस्थेचे थकीत कर्ज पाहतो, बुटीबोरीच्या कारखान्यात मार्चअखेरीस जाऊन माल मोजतो. वर सांगितलेला "पैसा कुठे गेला?" हा प्रश्न तो रोज विचारतो. मुंबईच्या चकचकीत वर्गात हे शिकवता येत नाही. सीए झालेल्या, त्यातही पहिल्या-दुसऱ्या प्रयत्नात पास झालेल्या मुलांना इन्व्हेस्टमेंट बँका आणि त्यांच्या सल्लागार संस्था मुलाखतीला बोलावतात, हे मी पाहत आलो आहे.

सीए म्हणजे सोपा मार्ग असे कुणी समजू नये. पास होणाऱ्यांचे प्रमाण कमी असते, वर्षे हातातून जातात, आणि ज्याला हिशेबात रसच नाही त्याच्यासाठी तो तुरुंग आहे. म्हणून सोबतची पदवी गंभीरपणे घ्यायला हवी. आपल्याकडे सीएच्या नादात बी.कॉम. नावापुरते उरकले जाते आणि सीए सुटले की हातात काहीच राहत नाही. शिवाय आयआयएममध्ये प्रवेश देताना कॅटच्या गुणांबरोबर दहावी, बारावी आणि पदवीचे गुणही पाहतात. उरकलेली पदवी पाच वर्षांनी आडवी येते.

ज्याला गणिताची गोडी आहे त्याने गणित किंवा संख्याशास्त्रात बी.एस्सी. करायला घाबरू नये. विदर्भात हुशार मुलाने अभियांत्रिकी सोडून साधी बी.एस्सी. धरली की नातेवाईक हळहळतात. त्यांच्याकडे दुर्लक्ष करावे. व्हीएनआयटीत प्रवेश मिळत असेल तर अभियांत्रिकीही उत्तम, फक्त पहिल्या वर्षापासून ताळेबंद वाचायची सवय लावावी. कायद्याकडे मात्र आपल्या पालकांचे लक्षच जात नाही, याचे मला वाईट वाटते. नागपुरात राष्ट्रीय विधी विद्यापीठ आहे. विलीनीकरणाचे करार, स्पर्धा आयोगापुढचे अर्ज, समभाग विक्रीचे दस्तऐवज यांत वकिलांचे काम बँकरांच्या खांद्याला खांदा लावून चालते. ज्या मुलीला आकड्यांपेक्षा शब्दांची धार जास्त कळते, तिने या व्यवहारांत कायद्याच्या बाजूने शिरावे.

भाषेचा मुद्दाही टाळता येणार नाही. हे सगळे काम इंग्रजीत चालते. सदरमध्ये १८७० पासून सेंट फ्रान्सिस डी सेल्ससारखी शाळा आहे, त्यामुळे इथल्या मुलांना इंग्रजीची धास्ती कमी. पण मंगळवारी बाजारापलीकडून, कामठी-कळमेश्वरकडून मराठी किंवा हिंदी माध्यमातून आलेल्या मुलांचे काय? त्यांना मी एकच व्यायाम देतो. बाजारात येणाऱ्या प्रत्येक कंपनीचा प्रस्ताव दस्तऐवज सेबीच्या संकेतस्थळावर फुकट वाचायला मिळतो. चार-पाचशे पानांचा असतो. त्यातले जोखमीचे प्रकरण आधी वाचा. कंपनी कोणत्या दोन-तीन गिऱ्हाइकांवर अवलंबून आहे, कोणते खटले चालू आहेत, कोणता कारखाना भाड्याच्या जागेवर आहे, हे सारे तिथे कंपनीला स्वतःच्या तोंडाने सांगावे लागते. मग पैसा कशासाठी हवा ते प्रकरण वाचा. त्यावर एक पान मराठीत लिहा, नंतर इंग्रजीत लिहा. नागपूरच्या सोलर इंडस्ट्रीजसारखी कंपनी २००६ मध्ये बाजारात आली; ओळखीच्या गावातल्या धंद्याचा असा कागद वाचताना शब्द अडले तरी अर्थ अडत नाही. पदवीच्या तीन वर्षांत असे वीस-पंचवीस दस्तऐवज वाचलेला विद्यार्थी कोणत्याही मुलाखतीत वेगळा उठून दिसतो. त्याला कुणाची फी लागत नाही.

एवढ्या खटपटीने या धंद्यात जायचे तरी कशाला, असे आमचे काही समाजवादी मित्र विचारतात. प्रश्न रास्त आहे. २००८ मध्ये हुशार माणसांनी भरलेल्या बँकांनी जगाला काय भोगायला लावले ते आपण पाहिले आहे. पण भांडवल कुठे जाते आणि कोणाला मिळते, हे ठरवणाऱ्यांत आपल्या भागाची माणसे नसतील तर आपल्या भागाचे उद्योग त्यांच्या नजरेला पडणारच नाहीत. २०१२ पासून दोन्ही शेअर बाजारांत लघु-मध्यम उद्योगांसाठी स्वतंत्र मंच आहेत. तिथे समभाग विक्री घडवून आणणाऱ्या मर्चंट बँकरला विक्रीच्या किमान १५ टक्के भागाची हमी स्वतःच्या खात्यावर घ्यावी लागते. म्हणजे कंपनी नीट न तपासता आणली तर त्याचाच खिसा कापला जातो. हिंगण्याचा किंवा बुटीबोरीचा कारखानदार अशा बँकरकडे जातो तेव्हा त्याला हिंगणा कुठे आहे हे माहीत असलेला, जिनिंगचा हंगाम कधी सुरू होतो हे ठाऊक असलेला माणूस समोर हवा. असे लोक आज फार थोडे आहेत. नागपूरच्या मुलांनी या कामाचे स्वप्न पाहावे असे मला मनापासून वाटते ते यासाठी.

म्हणून पालकांना माझी विनंती आहे. प्रवेशाची फी भरण्याआधी त्या संस्थेकडे गेल्या वर्षीच्या विद्यार्थ्यांच्या नोकऱ्यांची यादी मागा. कंपनीचे नाव पुरेसे नाही. पदाचे नाव, विभागाचे नाव आणि गाव लेखी मागा. ऑपरेशन्स लिहिले असेल तर ते काम मुलीला आवडेल का, हे तिच्याशी बसून बोला. यादी द्यायला टाळाटाळ झाली तर फी भरू नका.